हजेरी मोजता, मग काम का नाही?

महोदय,

मार्च 2020 च्या टाळेबंदीत माझा मुलगा पुण्याहून यावलला आला. दोन वर्षे त्याने इथूनच कंपनीचे सॉफ्टवेअर सांभाळले. वीज गेली तर इन्व्हर्टरवर, परदेशातून रात्री एकला फोन आला तर उठून. काम एकदाही अडले नाही. आता वरिष्ठांचा हुकूम, आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात हजर राहा. तिथे जाऊन तो कानाला हेडफोन लावतो आणि बंगळूरच्या सहकाऱ्यांशी व्हिडिओ कॉलवरच बोलतो. अहो, दहा वर्षांच्या अनुभवी माणसावर भरवसा नसेल तर त्याच्यावर एवढी जबाबदारी टाकता कशाला? इकडे केळीच्या बागेत मी एकटा. घरून काम करण्याची मुभा कंपन्यांनी नेमणूकपत्रातच लिहून द्यावी.

– एक शेतकरी वाचक, यावल (जि. जळगाव)