नवव्या महिन्यात बाळाचा वरचा ओठ उचलून बघा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सप्रेम नमस्कार.

दुधाचे दात किडलेत हे बहुतेक घरांत दात काळा पडल्यावर किंवा मूल रात्री रडू लागल्यावरच कळते. तोवर मूल अडीच-तीन वर्षांचे झालेले असते आणि उपचारासाठी अनेकदा पूर्ण भूल द्यावी लागते. सुरुवात मात्र फार आधी होते. वरच्या पटाशीच्या दातांवर, हिरडीलगत, खडूसारखी पांढरी रेघ उमटते. तेव्हा दात वाचतो. भोक पडल्यावर एनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण आवरण, परत येत नाही. ओठ उचलल्याशिवाय ही रेघ दिसत नाही.

आशाताई एचबीवायसीमध्ये, म्हणजे लहान बाळांच्या घरभेटींच्या सरकारी कार्यक्रमात, ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांत घरी जातातच. शेवटच्या तीन भेटींच्या यादीत ओठ उचलून बघण्याची एक ओळ घाला. रेघ दिसली की मूल आरबीएसके, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमाच्या, पथकाकडे पाठवावे.

त्याच भेटीत चार गोष्टी विचाराव्यात. रात्री तोंडात बाटली ठेवून बाळ झोपते का? झोपेत लाळ कमी होते, दूध वरच्या दातांवर साचून राहते. खालच्या दातांना जीभ झाकते, म्हणून ते उशिरा किडतात. बाटलीत साखर असली तर नुकसान कितीतरी वेगाने होते. चोखणीला मध लावतात का? (वर्षाच्या आत मध तसाही द्यायचा नसतो.) गोड सिरप झोपताना देऊन तोंड न पुसता निजवतात का? दिवसातून किती वेळा बिस्किट हातात असते? इथे एकूण साखरेइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्व वेळांना आहे, कारण प्रत्येक खाण्यानंतर दातावर साधारण अर्धा तास आम्ल राहते.

आईचे किडलेले दातही तपासायला हवेत. तिच्या तोंडातले जंतू उष्ट्या चमच्यातून बाळाकडे जातात, म्हणून गरोदरपणातच तिचे उपचार व्हावेत. कमी वजनाच्या आणि कुपोषित बाळांचे एनॅमल मुळातच कच्चे असू शकते. मेळघाट, नंदुरबारमध्ये ही तपासणी आधी सुरू व्हावी. स्तनपान तोडा असा निरोप मात्र कुठेही जाऊ नये. वर्षानंतर रात्रभर अंगावर पिणाऱ्या बाळाचे दात झोपण्यापूर्वी घासावेत, एवढेच सांगावे.

पहिला दात दिसताच १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी, मोठ्यांनी स्वतः लावावी. लहान मुलांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच. चंद्रपूर, यवतमाळमधल्या ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे आधी पाण्याचा अहवाल बघून दंतवैद्याने पेस्टचा सल्ला द्यावा. राज्यभर एकच पत्रक छापू नये.

शेवटची मागणी ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या कीड थांबवणाऱ्या द्रव औषधाची. जागतिक आरोग्य संघटनेने ते २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ड्रिल नको, वीज नको. कीड कोरडी करून थेंबभर लावले की बहुधा ती थांबते. किडलेला भाग कायमचा काळा होतो, ही गोष्ट पालकांना आधी सांगून संमती घ्यावी लागते. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ते आणि लावणारे प्रशिक्षित हात असावेत.

आपले,
राज्यातील काही बालदंतवैद्य