जुडी सोडण्याची गोष्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

यंदा तुझ्याकडे पहिली-दुसरीचे वर्ग आले आहेत आणि गणिताचा तास लागला की मुले मान खाली घालून बसतात, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून तुला सविस्तर लिहायचे मनात होते. माझे सांगणे एकच आहे. संख्या फळ्यावर येण्याआधी ती मुलांच्या हातांतून जाऊ दे.

सुरुवात काड्यांपासून कर. दोघांत पन्नासेक काड्या आणि थोडे रबरबँड दे, आणि पहिली दहा मिनिटे त्यांना काड्यांशी मनसोक्त खेळू दे, कारण ती हौस फिटल्याशिवाय लक्ष लागत नाही. मग नियम सांग: दहा झाल्या की जुडी बांधायची. जुडी मुलांनीच बांधली पाहिजे. आयती जुडी हाती दिली, तर तिच्यात दहा काड्या आहेत यावर मुलाचा विश्वास बसत नाही. ते तिला एक जाड काडी समजूनच मोजते.

जुड्या बांधायचा सराव झाला की 32 मधून 7 काढायला सांग. सुट्ट्या काड्या दोनच असतात. मुले घुटमळतात, शेजारच्याकडे पाहतात आणि अखेर कुणीतरी एका जुडीचे रबर सोडते. तोपर्यंत तू काहीही बोलू नकोस, कितीही वेळ लागला तरी. दोनाच्या बारा झाल्या, सात गेल्या, पाच उरल्या आणि जुड्या राहिल्या दोन. पूर्वी मी हे थेट वहीतच शिकवत असे. तेव्हा कितीतरी मुले सातातून दोन वजा करून 35 असे उत्तर लिहीत, आणि काढून घेतल्यावर संख्या वाढली कशी, असा प्रश्न त्यांना पडत नसे. ज्याने स्वतःच्या हाताने जुडी सोडली आहे, त्याला तो पडतो.

आपल्या संख्यानामांमुळेही काड्यांची गरज वाढते. ‘बत्तीस’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि तीस नंतर, म्हणून ऐकून लिहिणारे मूल 23 लिहिते. त्याला निष्काळजी म्हणू नकोस. ‘एकोणतीस’मध्ये तर नऊ ऐकूच येत नाहीत. दोन जुड्या आणि नऊ सुट्ट्या समोर ठेवून तिसरी जुडी पुरी व्हायला किती हव्यात, एवढेच विचार, म्हणजे तिसाला एक कमी हा त्या नावाचा अर्थ मुलांना आपोआप सापडेल.

काड्यांवरून एकदम अंकांवर मात्र उडी मारू नकोस. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये कृती, चित्र आणि चिन्ह असे आकलनाचे तीन प्रकार मांडले. त्यातले चित्र आपण शिक्षक घाईत गाळतो. जुडीसाठी उभी रेघ, सुट्टीसाठी ठिपका, एवढे चित्र पुरते.

बेल्जियमचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांच्या रंगीत दांड्या 1 ते 10 सेंटिमीटर लांबीच्या असतात. तशाच पट्ट्या जाड कागदाच्या करता येतील. दहाची पट्टी खाली ठेवून तिच्या लांबीला पुरतील अशा दोन-दोन पट्ट्यांच्या जोड्या मुलांना वर रचू दे. नऊ-एक, आठ-दोन असा जिना तयार होतो आणि दहाच्या जोड्या पाठ करायला सांगाव्या लागत नाहीत. वर्गाची लांबी पावलांनी मोजणेही कर, प्रत्येकाचे उत्तर वेगळे का आले यावर छान बोलणे होते.

माझा सर्वांत आवडता खेळ सोंगट्यांच्या शर्यतीचा आहे. 1 ते 12 अंकांच्या बारा सोंगट्या ओळीत मांडायच्या, प्रत्येकाने आपली एक निवडायची, दोन फासे टाकायचे आणि बेरजेची सोंगटी एक घर पुढे सरकवायची. एकची सोंगटी जागची हलत नाही, आणि ती निवडणारे मूल काही वेळाने स्वतःच त्याचे कारण ओरडून सांगते. सात बहुधा पुढे असते, कारण 36 शक्यतांपैकी 6 सातच्या आहेत. पण हे तू सांगू नकोस, त्यांना पुढच्या डावात सोंगटी बदलू दे.

काही मुले लवकर काड्या बाजूला ठेवतील, काहींना त्या वर्षभर लागतील. कुणाच्याही हातून त्या काढून घेऊ नकोस.

32 मधून 7 चा तास झाला की लगेच लिही. जुडी सोडायला किती वेळ लागला आणि ती पहिल्यांदा सोडणारे मूल कसे आहे, हे मला ऐकायचे आहे.

तुझा,
जुना वर्गमित्र