पासपोर्टवरची वरची ओळ

अ‍ॅथलोन (आयर्लंड), रविवार रात्र

ती. आई आणि बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

दुपारी मी कॅमेऱ्यासमोर नवा पासपोर्ट धरला तेव्हा आई म्हणाली, "आमसुली रंग आहे की गं, छान आहे." बाबा काही बोलले नाहीत. मग चष्मा चढवून अगदी जवळ आले (स्क्रीनवर तुमचं फक्त कपाळ दिसत होतं) आणि विचारलंत, "त्या वीणेच्या वर काय लिहिलंय?" मी उत्तर देणार तेवढ्यात तुमच्याकडची लाईट गेली.

बाबा, ती वीणा नाही, हार्प आहे. पण असू दे, वीणाच म्हणू. सगळ्यात वर लिहिलंय 'युरोपियन युनियन', आधी आयरिश भाषेत, मग इंग्रजीत. त्याखाली 'आयर्लंड', तेही दोन्ही भाषांत.

हे तुम्हाला फोनवर एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. पण तुम्ही 'बरं बरं' म्हणून फोन आईकडे दिला असतात आणि मला जे सांगायचंय ते राहून गेलं असतं. म्हणून लिहितेय.

सातवीत तुम्ही आम्हाला नागरिकशास्त्र शिकवायचात. घरचीच पोर म्हणून मला सगळ्यात जास्त प्रश्न. उद्देशिका पाठ होती, पण 'सार्वभौम' म्हणजे काय ते मला सांगता येईना. तेव्हा तुम्ही फळ्यावर अगदी वरच्या कडेला चिकटून एक आडवी रेघ मारलीत आणि म्हणालात, "ही आपण. हिच्या वर लिहायला जागा नाही. म्हणजे सार्वभौम." मला वाटतं दुपारी चष्मा लावून तुम्ही तीच रेघ शोधत होतात.

डब्लिनला शपथ घेतली त्याचा व्हिडिओ पाठवला होता. त्यात आम्ही सगळे हात वर करून म्हणालो की आयरिश राष्ट्राशी निष्ठा आणि या राज्याशी इमान राखू, त्याचे कायदे पाळू. त्यात युरोपचं नाव कुठेही नाही. पण त्या शपथेबरोबर मी आपोआप युरोपची नागरिकही झाले. एका देशाचा पासपोर्ट दिला तेव्हाच माझ्या पोटात कालवलं होतं (रद्दचा शिक्का बसून तो परत आलाय, कपाटात तुमच्या पत्रांच्या पिशवीत ठेवलाय), आणि बदल्यात ज्याच्याशी इमान राखायचं त्याच्याही वर कुणीतरी बसलेलं. हे मला कुणी वेगळं सांगितलं नाही, छापूनच आलं.

मागे एकदा तुम्ही म्हणाला होतात की लहान राज्यांनी मोठ्यात विरायचंच असतं, आपलं औंध नाही का विरलं? बाबा, या दाखल्यावर मी बरेच दिवस विचार केला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आपली सत्ता आपल्या हातानं खाली सोडली, बहात्तर गावांच्या पंचायतींकडे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं तेव्हा ती मुंबईला आणि दिल्लीला गेली. गेली खरी, पण तुमच्या हातात एक गोष्ट ठेवून गेली. लोकसभेसाठी तुमचं पहिलं मत १९७७ चं. रात्री रेडिओला कान लावून तुम्ही रायबरेलीचा निकाल ऐकलात, ही गोष्ट आम्हाला किती वेळा सांगितली असेल! इंदिराबाई पडल्या. साताऱ्याच्या एका गावातल्या मास्तरनं दिल्लीतलं सरकार घरी पाठवण्यात आपला वाटा उचलला. ब्रसेल्सच्या, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार जिथून चालतो त्याच्या बाबतीत मला नेमकं हेच जमत नाही.

तिथला कायद्याचा मसुदा मांडायचा अधिकार युरोपीय आयोगाकडे, म्हणजे तिथल्या कारभारी मंडळाकडे. आयोगाचे सदस्य निवडून येत नाहीत, सरकारं नेमतात. संसद आहे, तिला आयोगावर अविश्वास आणता येतो, पण कायदा स्वतःहून मांडता येत नाही. ७२० जागांमध्ये आयर्लंडच्या १४. आणि मंत्र्यांच्या परिषदेत बहुतेक विषयांवर बहुमतानं निर्णय होतो: सत्तावीसपैकी पंधरा देश आणि पासष्ट टक्के लोकसंख्या. पन्नास लाखांच्या देशानं पंचेचाळीस कोटींत हात वर केला काय आणि खाली केला काय.

इथल्या घटनेतही 'सार्वभौम' आहे बरं का, पाचव्या कलमात. पण १९७२ मध्ये सार्वमत घेऊन त्यांनी घटनेत एक तरतूद घातली. सोप्या शब्दांत: युरोपच्या सदस्यत्वामुळे जो कायदा करणं भाग पडेल, त्याच्या आड ही घटना येणार नाही. ८३ टक्के लोकांनी हो म्हटलं, कुणी बंदूक रोखली नव्हती. लंडनच्या सावलीतून बाहेर पडायचं होतं, दुधाला आणि गुरांना भाव हवा होता, आणि तो मिळालाही.

पुढचे करार तसेच गुपचूप मंजूर होणार होते. रेमंड क्रॉटी नावाचा माणूस, आधी शेतकरी, मग अर्थतज्ज्ञ, सरकारविरुद्ध कोर्टात गेला. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला की अशी सत्ता हातची द्यायची तर सरकारनं आधी लोकांना विचारलं पाहिजे. बाबा, हा माणूस तुम्हाला आवडला असता. त्याच्यामुळे इथे मोठ्या करारांवर सार्वमत होतं. मग काय झालं, तर २००१ मध्ये नीसच्या कराराला लोक 'नाही' म्हणाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा मतदान. २००८ मध्ये लिस्बन करारालाही ५३ टक्के 'नाही'. सोळा महिन्यांत पुन्हा मतदान, आणि या वेळी ६७ टक्के 'हो'. मधल्या काळात काही हमी मिळाल्या हे खरं, आणि देशाचं दिवाळं निघायची चाहूलही लागली होती. पण माझ्या ऑफिसातली एक जण म्हणते, "हो म्हटल्यावर पुन्हा एकदा विचारलं असं कधी झालंय का?" याला माझ्याकडे उत्तर नाही.

आता आपल्या शेजारच्या म्हातारबांचं सांगते. आई त्यांना ओळखते, व्हिडिओवर "नमस्ते" म्हणणारे. गावाबाहेरच्या दलदलीत त्यांच्या घराण्याचा एक पट्टा होता. तिथली माती म्हणजे हजारो वर्षं कुजून साठलेलं शेवाळ, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढणारं. ती कापून, वाळवून, शेगडीत जाळतात. 'टर्फ' म्हणतात. मागच्या मे महिन्यात त्यांच्या भाच्याच्या पट्ट्यावर मी मदतीला गेले होते, तिथे अजून परवानगी आहे. ओल्या विटा हातात घेतल्या की थंडगार, लोण्यासारख्या बोटांत रुततात. चार-पाच विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या म्हणजे वारा खेळतो. आपण शेणी उभ्या करतो ना शेताच्या बांधावर, हुबेहूब तसंच. दोन तासांत माझी कंबर गेली. म्हातारबा ऐंशीचे, ते मला हसत होते.

त्यांच्या स्वतःच्या पट्ट्यावर मात्र २०११ पासून बंदी आहे. त्रेपन्न दलदली युरोपच्या १९९२ च्या निसर्गरक्षणाच्या नियमाखाली आल्या. भरपाई म्हणून वर्षाला दीड हजार युरो ठरले. ते घेतात आणि चिडतात. बाबा, मी बंदीच्या विरोधात नाही. त्या दलदली खरोखर संपत चालल्या आहेत, आणि एकदा कापली की आपल्या पणतवंडांपर्यंत ती परत भरायची नाही. पण म्हातारबांचा राग बंदीवर नाहीच मुळी. स्थानिक आमदार त्यांच्या स्वयंपाकघरात बसून चहा पिऊन म्हणाला, "आमच्या हातात काही नाही, हे ब्रसेल्सचं आहे." म्हातारबांनी विचारलं, "मग ब्रसेल्समध्ये कुणाला चहाला बोलवू?"

गंमत पुढेच आहे. १९९२ मध्ये त्या नियमाला होकार देताना आयर्लंडचं सरकार त्याच टेबलाशी बसलं होतं. गावात येऊन म्हणायचं वरून हुकूम आलाय, आणि तो हुकूम काढायला हात आपलाच. मला तर वाटतं सत्ता ब्रसेल्सला गेली यापेक्षा हे वाईट झालं, की आपल्याच पुढाऱ्यांना कायमची सबब मिळाली. तुमच्या शाळेत काही चुकलं की हेडमास्तर म्हणायचे ना, "वरून परिपत्रक आलंय"? तसं. फक्त हे 'वर' कुणी बघितलेलं नाही.

मी इथे उतरले २०१२ च्या फेब्रुवारीत. तुम्हाला तेव्हा पगाराचा आकडा कळवला होता, बाकीचं कळवलं नव्हतं. गावात निम्मी दुकानं बंद होती. त्याच्या सव्वा वर्ष आधी देश दिवाळखोरीच्या काठावर गेला होता. सुरुवात इथल्याच सरकारच्या मूर्खपणानं झाली: २००८ मध्ये एका रात्रीत सगळ्या मोठ्या बँकांच्या देण्यांची हमी देऊन बसले. पण १९ नोव्हेंबर २०१० ला युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष त्रिशे यांनी इथल्या अर्थमंत्र्यांना एक पत्र पाठवलं. मदतीसाठी अर्ज करा, काटकसर मान्य करा, नाहीतर तुमच्या बँकांना आम्ही देतोय तो आणीबाणीचा पैसा बंद. दोन दिवसांत सरकारनं अर्ज केला. ८५ अब्ज युरोंचा सौदा, त्यातले साडेसतरा अब्ज यांचेच, पेन्शनच्या राखीव निधीतूनसुद्धा काढलेले. ते पत्र लोकांना वाचायला मिळालं चार वर्षांनी.

आणि २०११ च्या नोव्हेंबरात तर कहर झाला. व्हॅट २१ वरून २३ टक्के करण्याचा बेत इथल्या संसदेत मांडण्याआधी जर्मन संसदेतल्या खासदारांच्या हातात पडला, आणि बातमी तिकडून इकडे आली. कँटीनमध्ये लोक अजून तो किस्सा सांगतात, हसत हसत, पण डोळे हसत नाहीत. विचार करा, आपल्या राज्याचं बजेट विधानसभेच्या आधी दुसऱ्याच देशात वाचलं गेलं तर तुम्ही पेपरवाल्याला काय काय ऐकवाल! तो २३ टक्के व्हॅट मी आजही भरते. परवा हीटर घेतला, बिलावर शेवटून दुसरी ओळ.

आई, तू म्हणशील पोरगी ज्या ताटात जेवते त्यालाच नावं ठेवते. थांब, दुसरी बाजूही तुलाच सांगायचीय. १९७३ पर्यंत इथे सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की राजीनामा द्यावा लागे. तू बाळंतपणानंतर दीड महिन्यात शाळेत परत गेलीस. इथे त्या काळात सरकारी कचेरीत असतीस तर लग्नानंतर घरीच बसली असतीस. समान कामाला समान पगार देण्याचा युरोपचा नियम आला, तेव्हा इथल्या सरकारनं सवलत मागितली होती, परवडत नाही म्हणून. आयोगानं ठणकावून नाही म्हटलं. माझ्याबरोबर काम करणाऱ्या बायकांच्या आयांना पूर्ण पगार मिळाला तो ब्रसेल्समुळे, स्वतःच्या निवडून दिलेल्या सरकारमुळे नव्हे. माझ्या सगळ्या म्हणण्याला इथे खीळ बसते, आणि ती काढता येत नाही.

अ‍ॅपल कंपनीचं तर बाबांना हसायला पुरेल. आयोग म्हणाला, या कंपनीकडून १३ अब्ज युरो कर वसूल करा. आयर्लंडचं सरकार म्हणालं, आम्हाला नको! आठ वर्षं कोर्टात भांडले, पैसे मिळू नयेत म्हणून. २०२४ मध्ये हरले आणि श्रीमंत झाले.

२०२४ च्या जूनमध्ये इथे एकाच दिवशी दोन निवडणुका होत्या, नगरपालिकेची आणि युरोपीय संसदेची. मी तेव्हा परदेशी नागरिक, त्यामुळे मला फक्त पालिकेचं मत. केंद्रावरच्या बाईंनी मला एकच कागद दिला. माझ्या मागच्या माणसाला दोन, त्यातला युरोपचा म्हणजे नुसती पंचांगाची पट्टी, सत्तावीस उमेदवार फोटोंसकट. तो उलगडायला त्या खोक्यात जागा पुरेना. म्हणाला, "यातले तीनच ओळखतो, आणि तीनही आवडत नाहीत." माझ्या एका कागदावर मात्र आठवड्याला कचऱ्याच्या गाडीवरून मी जिच्याशी भांडते ती नगरसेविका होती. मी तिला तिसरा क्रमांक दिला. (इथे शिक्का नसतो, पसंतीचे आकडे घालायचे.)

गावात कुणी विचारलं तर सांगा, सिंधुदुर्गातल्या वराडचे मूळ असलेले वराडकर इथे पंतप्रधान झाले होते, तेव्हा आपल्या माणसांना काही परकं नाही. काकांना एवढं पुरेल. ब्रसेल्सचं काढू नका, ते पुन्हा विचारतील मग तुमचं रेशनकार्ड कुठलं.

आता कामाचं. ओसीआयच्या (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या कार्डाच्या) अर्जासाठी माझ्या जन्मदाखल्याची नवी प्रत लागेल. जुन्या दाखल्यावर आईचं नाव चुकीचं आहे, तेवढं तालुक्याला जाऊन दुरुस्त करून घ्या, उन्हात नको, सकाळी जा. बाबांनी गुडघ्याचं तेल संपलं की कळवायचं, लपवायचं नाही. आणि बाबा, उत्तर कागदावर द्या. औंधचा दाखला मी कुठे चुकीचा घेतला असेल तर लाल शाईनं खूण करा.

तुमची,
ताई