गोळीत तंबाखू नाही ओ!

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या निपाणीत सध्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीत तंबाखू असते म्हणे, पाकिटावर 'निकोटिनामाइड' लिहिलंय बघा. शेजारच्या मावशींना नातवानं तो वाचून दाखवला आणि त्यांनी डॉक्टरांनी दिलेलं अख्खं पाकीट कचऱ्यात टाकलं. "तंबाखूची गोळी हाय ती, मी न्हाई खाणार." हे बोलताना बोटावर मशेरी! जन्मभर विड्या वळलेल्या बाईला तंबाखूचं मी काय सांगणार, पण बीएस्सीला केमिस्ट्री होती म्हणून लिहितोय.

घोळ सगळा नावाचा आहे. पाच कार्बन आणि एक नायट्रोजन यांचं एक कडं असतं, पिरिडीन. नुसतं पिरिडीन म्हणजे बिनरंगी पातळ द्रव, सडक्या मासळीसारखा घाण वास, 115 डिग्रीला उकळतं, पाण्यात सहज मिसळतं. स्पिरिट कुणी पिऊ नये म्हणून त्यात हे घालतात. आता या कड्याला पुढं काय जोडलंय त्यावर सगळं असतं. एक जोड लागली की तंबाखूतलं निकोटिन, जे कातडीतनंसुद्धा आत जातं, म्हणून तर दंवानं ओली झालेली तंबाखूची पानं काढताना माणसाला मळमळतं, चक्कर येते, आणि त्याच तंबाखूचं पाणी पिकावरच्या माव्यावर फवारतात. त्याऐवजी वेगळी जोड लागली की बी3 जीवनसत्त्व. ते पहिल्यांदा निकोटिनपासून प्रयोगशाळेत बनवलं म्हणून निकोटिनिक ॲसिड हे नाव चिकटलं, एवढंच; पाकिटावरचं निकोटिनामाइड हे त्याच जीवनसत्त्वाचं दुसरं रूप. तंबाखू खाऊन किंवा ओढून ते अंगात तयार होत नाही, हेपण सांगून टाकतो, नाहीतर उद्या तोच मेसेज फिरायचा.

हे बी3 कमी पडलं की पेलाग्रा नावाचा आजार होतो, कातडी काळवंडते, जुलाब लागतात, डोकं भ्रमतं. आपल्या दख्खनमध्ये नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो असायचा, हैदराबादला पोषणतज्ज्ञ डॉ. गोपालन यांनी त्यावर काम केलंय. आणि मावशी एकट्या नाहीत, अमेरिकेतपण लोक नावालाच बिचकतील म्हणून 'नियासिन' असं नवं नाव काढावं लागलं.

मला खरी धास्ती टीबीच्या गोळीची आहे. टीबीवरच्या आयसोनियाझिड या औषधात हेच कडं, हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून सोबत देतात त्या बी6 मध्येपण हेच कडं. असल्या मेसेजवरनं कुणी तो कोर्स मधेच सोडला तर? पाकिटावर सगळं इंग्रजीत, मावशींना येतं फक्त मराठी. तेव्हा तुमच्या आरोग्य पानावर औषधांच्या नावांचं छोटं सदर चालू करता का, मोठ्या अक्षरात?

एक वाचक, निपाणी