अर्धशिशी, बी-2 आणि रविवारची पुडी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या अर्धशिशीवर जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्या, असा सल्ला हल्ली मोबाइलवर फार फिरतो. दवा बाजारातून माल आणून मी इंदुरात चौतीस वर्षं औषधांचं दुकान चालवलं. माझ्या तेरा वर्षांच्या नातीला अर्धशिशी आहे. म्हणून हे पत्र.

डोकं उठलं की ती खोलीचं दार लावून घेते, आईच्या ओढणीनं कपाळ करकचून बांधते. कुकरची शिट्टीसुद्धा सोसवत नाही. अशा वेळी कुणी काहीही सांगितलं तरी ते द्यावंसं वाटतं. सूनबाईंनी शेजारणीचं ऐकून बी-कॉम्प्लेक्स सुरू केलं, तर दुसऱ्याच दिवशी नात घाबरून आली, "आजोबा, लघवी हळदीसारखी होतेय!" तो बी-2चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा रंग. त्यानं अपाय नाही.

खरा प्रश्न मात्रेचा आहे. मोठ्या माणसांना ज्या प्रयोगात गुण आला (1998), त्यात रोज 400 मिलीग्रॅम बी-2 तीन महिने दिलं होतं. आपल्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ते असतं 10 मिलीग्रॅमच्या आसपास. कुणी ती भर घालायला मूठभर कॅप्सूल देऊ लागलं, तर सोबतचं बी-6ही तेवढ्याच पटीनं पोटात जाईल, आणि ते फार दिवस अति झालं की हातापायांच्या नसांना इजा होते. त्यातून मुलांचं गणित निराळं. 2008 साली 48 मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींना 200 मिलीग्रॅम बी-2, काहींना फक्त तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. दोन्हींत फरक पडला नाही. 2017 साली अमेरिकेतल्या 8 ते 17 वयाच्या मुलांच्या मोठ्या चाचणीत तर अशा बिनऔषधी गोळीवरच 61 टक्के मुलांचे डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. तेव्हा 'आमच्या बंटीला फरक पडला' एवढ्यावरून दुसऱ्याच्या मुलाला गोळी सांगू नये.

'डी'चं तर मला भयच वाटतं. एक बाई दुकानात पुन्हा पुड्या मागायला आल्या. चिठ्ठीवर 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, आणि त्या मुलाला रोज देत होत्या. पाच संपल्या होत्या! 'डी' शरीरात साठतं, रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडावर येतं. मी त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. त्या दिवसापासून प्रत्येक पुडीवर मी पेनानं 'रविवार' लिहून द्यायचो.

नातीच्या डॉक्टरांनी आधी वही घालायला सांगितली: तारीख, झोप, खाणं, वेदनाशामक गोळी. महिन्यातून पंधरा दिवस त्या गोळ्या होऊ लागल्या तर त्यांनीच डोकं दुखायला लागतं, हेही बजावलं. दोन महिन्यांत नऊदा डोकं उठलं. त्यांतल्या सहा दिवशी पोरगी सकाळी उपाशीपोटी शाळेत गेली होती आणि आदल्या रात्री कोचिंगचा अभ्यास करत बारापर्यंत जागली होती. आता बशीभर पोहे खाल्ल्याशिवाय सूनबाई तिला दाराबाहेर सोडत नाहीत. बी-2 द्यायचं का, हे डॉक्टर पुढची वही बघून ठरवणार आहेत.

माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत जीवनसत्त्वाचं नाव येईल तेव्हा त्याच ओळीत मात्रा, वय आणि किती दिवस, हेही छापावं.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता,
रामबाग, इंदूर