सुंदिन का गेला नाही : बॉस्टनच्या मित्रास पत्र

टोरंटो

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. बॉस्टनच्या थंडीविषयी दोन ओळी लिहून तू लगेच टोरंटोच्या आइस हॉकी संघाचा जुना कर्णधार मॅट्स सुंदिन याच्यावर आलास, हे मला फार आवडले. तुझे म्हणणे थोडक्यात असे की, २००८ च्या फेब्रुवारीत टोरंटो सोडून एखाद्या बलाढ्य संघात जाण्यास सुंदिनने दिलेला नकार हा निव्वळ हट्ट होता. तुमच्या रे बोर्कने वेळीच बॉस्टन सोडले म्हणून अखेर त्याच्या हाती स्टॅन्ले कप, उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा विजेतेपदाचा करंडक, आला, आणि सुंदिन मात्र जन्मभर हळहळत राहणार. हे मला मुळीच पटत नाही. का पटत नाही, ते आज सविस्तर लिहितो.

आधी बोर्कविषयी, कारण त्याच्याबद्दल माझ्या मनात तुझ्याइतकाच आदर आहे. १९७९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बॉस्टनने त्याला घेतले आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ तो तुमच्या संघाच्या, ब्रूइन्सच्या, बचावफळीचा कणा होता. सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने पाच वेळा मिळवला. बॉस्टनचा जुना खेळाडू फिल एस्पोझिटो याच्या सन्मानार्थ ७ क्रमांकाची जर्सी भर मैदानात उतरवून त्याने ती एस्पोझिटोच्या हाती दिली आणि आत घातलेल्या ७७ क्रमांकाच्या जर्सीनिशी तो पुढे खेळत राहिला, हा १९८७ चा प्रसंग तू मला इतक्या वेळा सांगितला आहेस की तो मी स्वतः पाहिल्यासारखा वाटतो. १९८८ आणि १९९० अशा दोन अंतिम फेऱ्या तो खेळला आणि दोन्ही वेळा एडमंटनकडून हरला. २००० साली बॉस्टनचा संघ पार ढेपाळला होता आणि बोर्क एकोणचाळीस वर्षांचा झाला होता. त्याने स्वतः अदलाबदलीची, म्हणजे दुसऱ्या संघाकडे पाठवण्याची, विनंती केली आणि मार्चमध्ये तो कोलोरॅडोला गेला. त्या वर्षी कप मिळाला नाही. तो आणखी एक पूर्ण हंगाम थांबला, चाळिशीत ८० सामने खेळला, आणि जून २००१ मध्ये न्यू जर्सीविरुद्धचा अंतिम फेरीतला सातवा, निर्णायक सामना जिंकल्यावर कर्णधार जो सॅकिकने रिवाजाप्रमाणे कप आधी स्वतःच्या डोक्यावर न उचलता सरळ बोर्कच्या हाती दिला. काही दिवसांनी बोर्क तो कप घेऊन बॉस्टनच्या सिटी हॉलसमोर आला, तेव्हा दुसऱ्या शहराच्या संघाने जिंकलेल्या कपाचा जल्लोष करायला हजारो बॉस्टनकर जमले. हे सारे खरे आहे, सुंदर आहे, आणि यातले काहीही मला कमी लेखायचे नाही.

तुझ्या युक्तिवादातला दुवा मला खटकतो तो पुढे. बोर्क गेला आणि त्याला कप मिळाला. सुंदिन गेला नाही आणि त्याला मिळाला नाही. म्हणून बोर्कचा निर्णय शहाणपणाचा आणि सुंदिनचा चुकीचा, असे तू मांडतोस. परंतु २००१ च्या त्या सातव्या सामन्यात कोलोरॅडो हरला असता, तर बोर्कने बॉस्टन सोडण्याचा निर्णय तुला चुकीचा वाटला असता काय? मला वाटले नसते. त्याने विचार केला, विनंती केली, पुढे राहण्याचेही त्यानेच ठरवले. निकाल काहीही लागला असता, तरी तो निर्णय त्याचाच होता.

आता सुंदिन. टोरंटोशी त्याचे नाते सुरुवातीपासूनच सरळ नव्हते, आणि इथेच तुझी व माझी दृष्टी वेगळी होते असे मला वाटते. १९९४ च्या उन्हाळ्यात टोरंटोचा व्यवस्थापक क्लिफ फ्लेचर याने त्याला क्वेबेककडून आणले, तेव्हा बदल्यात वेंडेल क्लार्क गेला. क्लार्क हा या शहराचा लाडका कर्णधार, सस्कॅचेवानच्या शेतकऱ्याचा मुलगा, अंगावर येणाऱ्या प्रत्येकाला भिडणारा. त्याच्या जागी उंचापुरा, मितभाषी स्वीडिश तरुण आलेला पाहून इथले लोक अक्षरशः शोकाकुल झाले. त्या शोकाच्या सावलीत सुंदिनने खेळायला सुरुवात केली. १९९७ मध्ये तो कर्णधार झाला. तेरा हंगामांत त्याने या संघासाठी ४२० गोल आणि, गोल व गोलसाठीचे साहाय्य धरून, एकूण ९८७ गुण मिळवले, आणि १९९९ व २००२ मध्ये संघाला अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत नेले. त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच्या तोडीचे खेळाडू देणे संघाला क्वचितच जमले, याची तक्रार त्याने जाहीरपणे कधी केली नाही.

२००८ चा हंगाम कसा होता ते आठव. प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांची, आशा मावळत चालली होती, आणि सदतिशीत पोचलेला सुंदिनच संघात सर्वाधिक गुण मिळवत होता. त्याच्या करारात संमतीशिवाय अदलाबदल न करण्याचे कलम होते. अदलाबदलीची मुदत जवळ येताच इथल्या वर्तमानपत्रांनी आणि रेडिओने एकच धोशा लावला, की त्याने ते कलम सोडावे, दोन-तीन महिन्यांसाठी एखाद्या सशक्त संघात जाऊन कप जिंकावा, आणि बदल्यात टोरंटोला तरुण खेळाडू मिळवून द्यावेत. त्याने नकार दिला. थोड्या काळापुरता भाड्याने घेतलेला खेळाडू होणे आपल्याला मान्य नाही, कप जिंकणे ही मोठी गोष्ट आहे, पण तिथवरचा संपूर्ण प्रवास संघासोबत केलेला असला पाहिजे, अशा अर्थाचे निवेदन त्याने दिले. ते वाचून मला या माणसाबद्दल जो आदर वाटला, तो आजतागायत तसाच आहे.

तुझा सर्वांत वजनदार आक्षेप मी टाळणार नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, हंगाम सुरू होऊन गेल्यावर, सुंदिन व्हँकुव्हरला गेला. मग प्रवासाचे ते तत्त्व कुठे गेले, असे तू विचारतोस. माझे उत्तर असे, की तोवर त्याचा टोरंटोशी असलेला करार संपलेला होता. निवृत्त व्हावे की खेळावे, याचा त्याने कित्येक महिने विचार केला आणि मोकळा माणूस म्हणून नवी नोकरी पत्करली. जे सहकारी अजून झुंजत होते, त्यांना अर्ध्या वाटेवर सोडून तो गेला नाही. हा फरक तुला बारीक वाटेल. मला तो निर्णायक वाटतो. व्हँकुव्हरमध्ये त्याला कप मिळाला नाही, हेही खरे. पण २००९ च्या फेब्रुवारीत तो पाहुण्या संघाकडून टोरंटोत खेळायला आला, तेव्हा वर्षभरापूर्वी त्याच्यावर चिडलेले तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, त्याचे डोळे भरून आले, आणि बरोबरीनंतरच्या शूटआउटमधला विजयी गोल त्यानेच केला. ज्याला या शहराने आधी परका मानले आणि नंतर स्वार्थी ठरवले, त्याचे हे स्वागत होते.

तो गेला असता तर टोरंटोचे भले झाले असते, हा तुझा दुसरा मुद्दा. या संघाच्या अदलाबदलींचा इतिहास पाहता मला त्याची खात्री नाही. १९८९ मध्ये टॉम कर्व्हर्ससाठी या संघाने पुढची पहिल्या फेरीची निवड न्यू जर्सीला दिली, आणि १९९१ मध्ये त्या निवडीतून न्यू जर्सीने स्कॉट नीडरमायर घेतला, ज्याने पुढे चार कप जिंकले. २००६ मध्ये टूका रास्क हा तरुण गोलरक्षक अँड्र्यू रेक्रॉफ्टच्या बदल्यात तुम्हालाच दिला. रेक्रॉफ्टचे इथे फारसे जमले नाही. रास्कने २०१४ मध्ये सर्वोत्तम गोलरक्षकाचा व्हेझिना करंडक मिळवला. २०१३ च्या बाद फेरीतल्या सातव्या, निर्णायक सामन्यात टोरंटो ४-१ असा पुढे असताना बॉस्टनने अखेरच्या काही मिनिटांत बरोबरी साधून ५-४ असा विजय मिळवला, त्या रात्री तुमच्या गोलमध्ये रास्कच उभा होता. ती रात्र इथे कोणी विसरलेले नाही. ज्या संघाला हातातले मोती ओळखता येत नव्हते, त्याला सुंदिनच्या बदल्यात आणखी मोती मिळाले असते असे धरून चालणे, आणि ते न मिळाल्याचा दोष सुंदिनच्या माथी मारणे, हे न्याय्य नाही.

मला खरी हळहळ वाटते ती वेगळ्या खेळाडूंबद्दल. लॅनी मॅकडोनाल्डचेच पाहा. १९७९ मध्ये टोरंटोचा व्यवस्थापक पंच इमलाक आणि कर्णधार डॅरिल सिटलर यांच्यात वितुष्ट आले. सिटलरच्या करारात संरक्षण होते, म्हणून त्याला हात लावता येईना. तेव्हा इमलाकने डिसेंबरच्या अखेरीस त्याचा जिवलग मित्र मॅकडोनाल्ड यालाच कोलोरॅडोला धाडून दिले. सिटलरने आपल्या जर्सीवरचे कर्णधारपदाचे अक्षर उसवून काढले, आणि लोक मेपल लीफ गार्डन्सच्या दारात निषेधाचे फलक घेऊन उभे राहिले. मॅकडोनाल्डला १९८९ मध्ये कॅल्गरीकडून कप मिळाला, तोही त्याच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात, आणि त्या सामन्यात त्याने गोलही केला. तरीही त्या डिसेंबरात त्याच्यावर झालेला अन्याय त्या कपाने पुसला जात नाही, कारण त्याला कोणी काही विचारलेच नव्हते.

वेन ग्रेट्स्कीची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. एडमंटनला चार कप जिंकून देणाऱ्या खेळाडूला मालक पीटर पॉकलिंग्टनने ९ ऑगस्ट १९८८ रोजी लॉस एंजेलिसला दिले. बदल्यात काही खेळाडू, ड्राफ्टमधल्या निवडी आणि दीड कोटी अमेरिकन डॉलर आले. कॅनडाच्या संसदेतल्या एका नेत्याने सरकारने हा सौदा रोखावा अशी मागणी केली, इतका तो देशाच्या जिव्हारी लागला. पत्रकार परिषदेत ग्रेट्स्की रडला. एडमंटनने १९९० मध्ये त्याच्याविना पुन्हा कप जिंकला. ग्रेट्स्कीला मात्र पुढे एकही मिळाला नाही.

आणि बॉबी ऑर. त्याच्याविषयी तुला मी काय सांगणार? पण तू तुझ्या पत्रात त्याचा उल्लेखही केला नाहीस, याचे मला आश्चर्य वाटले. १९७० आणि १९७२ चे कप बॉस्टनला ज्याच्या गोलने मिळाले, तो १९७६ मध्ये शिकागोला निघून गेला, आणि अनेक वर्षे लोक त्याला पैशासाठी गेलेला समजत राहिले. बॉस्टनने त्याला संघाच्या मालकीतला साडेअठरा टक्के हिस्सा देऊ केला होता, आणि त्याचा प्रतिनिधी ॲलन ईगलसन याने हे त्याच्यापासून लपवून ठेवले होते, हे नंतर उघड झाले. ज्या माणसाला ऑर भावासारखा मानत होता, त्याच माणसाने त्याचा निर्णय त्याच्या हातून चोरला. १९९८ मध्ये तुझ्या शहरातल्या आणि माझ्या शहरातल्या, अशा दोन्ही न्यायालयांत ईगलसनने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले. तोवर ऑरला निवृत्त होऊन वीस वर्षे होत आली होती. गुडघे निकामी झाल्याने तो तिसाव्या वर्षीच थांबला होता. हॉकीच्या इतिहासात कोणाच्या कारकिर्दीविषयी ‘असे व्हायला नको होते’ असे म्हणायचे असेल, तर मी ते ऑरविषयी म्हणेन, जरी त्याच्या नावावर दोन कप आहेत आणि सुंदिनच्या नावावर एकही नाही.

एक विषयांतर करतो. आपण दोघे पुण्यात ज्या हॉकीवर वाढलो, त्या हॉकीत अदलाबदलीची ही वाटच नव्हती. खडकीचा धनराज पिल्ले चार ऑलिंपिक खेळला आणि एकातही पदक मिळाले नाही. २००० साली सिडनीत पोलंडने शेवटच्या क्षणांत बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हुकली, तेव्हा आपल्याला जेवण गेले नव्हते. दुसऱ्या देशाकडून खेळून त्याने पदक मिळवायला हवे होते, असे कोणाच्या मनातही आले नाही, आणि पदक नाही म्हणून त्याचे मोठेपण आपण तसूभरही कमी मानत नाही. मग सुंदिनलाच तू वेगळे माप का लावतोस? शिवाय २००६ मध्ये ट्युरिनला स्वीडनचा कर्णधार म्हणून त्याने ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आहे, हे तुझ्या हिशेबात कुठेच धरलेले दिसत नाही.

आता माझा तुला एक प्रश्न. जो थॉर्नटनने २००५ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनशी तीन वर्षांचा नवा करार केला, आणि नोव्हेंबर संपता संपता तुमच्या संघाने त्याला सॅन होजेला पाठवले. त्याच हंगामात तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढे कारकीर्द संपेपर्यंत १,७१४ सामने खेळला, आणि कप न मिळवताच थांबला. बॉस्टनने मात्र पुढच्याच वर्षी झ्डेनो खाराला करारबद्ध केले आणि त्याच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये कप जिंकला. कपावरूनच निर्णय तोलायचे, तर बॉस्टनचे सारे बरोबर ठरते. पण राहण्यासाठी सही केलेल्या माणसाला तीन-चार महिन्यांत दूर पाठवणे तुला बरोबर वाटते का, हे मला तुझ्याकडून ऐकायचे आहे. २०११ चा कप क्षणभर बाजूला ठेवून उत्तर लिही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुझा स्नेहांकित