कर्नो आला, पण चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिडनी क्रिकेट ग्राउंड म्हटलं की मराठी वाचकाला जानेवारीतली कसोटी आणि सचिनच्या २००४ मधल्या नाबाद २४१ धावा आठवतात. मार्च लागला की त्याच हिरवळीच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब उभे राहतात आणि सिडनी स्वॉन्स या संघाचा ‘फूटी’चा, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, हंगाम सुरू होतो. २०२६ च्या हंगामाआधी इथल्या मराठी मंडळींतही एकच बोललं जातंय: कार्लटन संघाचा गोल करणारा चार्ली कर्नो आपल्याकडे आला, आता ग्रँड फायनल, म्हणजे अंतिम सामना, पक्की. मला हे पटत नाही. स्वॉन्स वर येतील, पण त्याचं कारण एकटा कर्नो नसेल, आणि तो असूनही संघ अडखळू शकतो.

आधी हिशेब पाहू. स्वॉन्सचं शेवटचं विजेतेपद २०१२ चं, हॉथॉर्नविरुद्ध १० गुणांनी. त्यानंतर चार ग्रँड फायनल आणि चारही पराभव: २०१४ मध्ये हॉथॉर्नकडून ६३, २०१६ मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जकडून २२, २०२२ मध्ये जिलाँगकडून ८१ आणि २०२४ मध्ये ब्रिस्बेनकडून ६० गुणांनी. गोलचे सहा आणि हुकलेल्या फटक्याचा एक गुण असलेल्या या खेळात ६० गुण म्हणजे दहा गोलांचा फरक. २०२४ ला तर स्वॉन्स साखळीत पहिले होते, पहिल्या १४ पैकी १३ सामने जिंकून. म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत जाण्याची ताकद या संघात होती. तिथे गेल्यावर खेळ कोलमडायचा.

तो का कोलमडला, याचं एक कारण शेवटच्या दोन्ही वेळी सारखं आहे. २०२२ ला सॅम रीड मांडीचा स्नायू दुखावलेला असताना उतरला आणि त्याला बदलावं लागलं. २०२४ ला लोगन मॅक्डोनल्ड घोटा दुखत असताना उतरला, त्यालाही बाहेर काढावं लागलं. दोघेही उंच फॉरवर्ड. पुढे उंच खेळाडू हालचाल करू शकत नसला की त्याच्यावरचा बचावपटू मोकळा होतो, तो बाजूच्या झुंजीत उडी मारून चेंडू हवेतच टिपतो, आणि तुमचा हल्ला तिथून उलटा तुमच्याच गोलकडे धावत येतो. २०२५ चा हंगामही मॅक्डोनल्डच्या घोट्याने खाल्ला. म्हणून कर्नोची गरज खरी होती. २०२२ आणि २०२३ अशी सलग दोन वर्षं सर्वाधिक गोलांचं कोलमन पदक त्याने घेतलं आहे. पण त्याच्या गुडघ्यांचा इतिहासही तितकाच मोठा आहे. २०१९ च्या मध्यानंतर तो जवळपास दोन वर्षं मैदानाबाहेर होता. त्याला सप्टेंबरातल्या बाद फेरीत धडधाकट ठेवायचं असेल, तर हिवाळ्यातले एक-दोन सामने, विशेषतः लांब प्रवासानंतर कमी दिवसांत येणारे, त्याला बाहेर बसवायची हिंमत दाखवली पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, चेंडूच्या पुरवठ्याचा. कर्नोसारखा खेळाडू पुढे असला की मधल्या फळीला सवय लागते: दडपण आलं की डोकं वर न करता लांब किक त्याच्या डोक्यावर टाकायची. प्रतिस्पर्धी मग काय करतो? एक जादा बचावपटू मागे खेचतो आणि त्याला कर्नोच्या पुढ्यात, चेंडू पडेल त्या जागी उभा करतो. कर्नो तिघांत अडकतो आणि चेंडू हातून जातो. त्याला चेंडू हवा तो धावताना, गोलपासून ३५-४० मीटरवर, तिरप्या दिशेने निघालेला असताना, छातीच्या उंचीवर आणि अंगापुढे. अशी किक एरल गुल्डेनच्या डाव्या पायातून निघते. २०२५ च्या सराव सामन्यात गुल्डेनचा घोटा मोडला आणि तो बरेच महिने बाहेर राहिला, तेव्हा संघ १२ विजय आणि ११ पराभवांसह दहावा आला. माझ्या मते गेल्या वर्षीच्या घसरणीचं हे सर्वांत मोठं कारण. चॅड वॉर्नर आणि आयझॅक हीनी चेंडू घेऊन वेगाने फुटतात, स्वतः गोलही करतात, पण दोघांचा कल लांब मारण्याकडे. कर्नोपर्यंत पोहोचताना शेवटून दुसरी किक हीनीकडून आणि शेवटची गुल्डेनकडून, असा क्रम बसला तर या आक्रमणाला रोखणं फार अवघड आहे.

त्यासाठी कर्नोच्या जोडीला दुसरा उंच फॉरवर्ड लागतोच, मग तो मॅक्डोनल्ड असो वा जोएल अमार्टी. तो गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या कमानीच्या टोकाला उभा राहून एका बचावपटूला दूर खेचून धरेल. त्याने एकही गोल केला नाही तरी चालेल. आणि खाली पडलेला चेंडू उचलायला टॉम पॅपली. कर्नोच्या बदल्यात विल हेवर्ड आणि नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतल्या निवडी गेल्या. ओली फ्लोरेंटही कार्लटनलाच गेला. हेवर्ड पाठलाग करून बचावपटूला चुकीची किक मारायला लावायचा. ते काम आकडेवारीत फारसं दिसत नाही, आणि ते आता कोण करणार, याचं उत्तर मला अजून संघाच्या यादीत सापडलेलं नाही.

यंदाच्या नव्या नियमांचा स्वॉन्सवर इतरांपेक्षा जास्त परिणाम होईल असं वाटतं. मध्यावर पंच आता चेंडू आपटून उडवणार नाहीत, हाताने वर फेकतील, आणि त्या चेंडूसाठी उडी मारणाऱ्या दोन्ही ‘रक’ खेळाडूंना मधली रेषा ओलांडून अंगाला अंग भिडवता येणार नाही. स्वॉन्सचा रक ब्रोडी ग्रंडी याची ताकद अंगाच्या रेट्यात आहे. धावत येऊन उंच उडी मारणाऱ्या तरुण रकला हा नियम फायद्याचा. ग्रंडी पहिला स्पर्श हरला तरी चेंडू जमिनीवर आल्यावर तो चौथ्या मिडफिल्डरसारखा खेळतो, हा दिलासा. शिवाय प्रशिक्षक डीन कॉक्स स्वतः वेस्ट कोस्टकडून २९० सामने खेळलेला रक आहे. २००६ ची ग्रँड फायनल वेस्ट कोस्टने स्वॉन्सकडून एका गुणाने हिसकावली, त्या विजेत्या संघात तो होता. उडी कुठून घ्यायची आणि हरणार हे दिसत असताना चेंडू कुठे पाडायचा, हे त्याच्याइतकं क्वचितच कुणाला शिकवता येईल.

दुसरा नियम जास्त बोचणारा आहे. दोन्ही पन्नास मीटर कमानींच्या मधल्या पट्ट्यात किक किंवा हॅण्डबॉल (मुठीने मारलेला पास) कुणाला न लागता रेषेबाहेर गेला, तर फ्री किक समोरच्याला. आजवर बचावफळी अडचणीत आली की रेषेलगत लांब किक मारायची, चेंडू बाहेर गेला तरी थ्रो-इन व्हायचा आणि श्वास घ्यायला वेळ मिळायचा. ती पळवाट आता बंद झाली. मधून बाहेर पडावं लागेल, आणि मधून चेंडू गमावला तर गोल ठरलेलाच. निक ब्लेकीसारखा पळणारा बचावपटू असल्यामुळे स्वॉन्सना हे जमू शकतं, पण त्याला कुणी जखडून ठेवलं तर दुसरा मार्ग तयार हवा. बचावपटू टॉम मॅकार्टिनला गेल्या वर्षी पुढे खेळवून पाहिलं गेलं. आता कर्नो आहे, तेव्हा त्याला मागेच राहू द्यावं.

मैदानाचाही विचार हवा. सिडनीचं मैदान साधारण १५५ बाय १३६ मीटर, तर एमसीजी १६० बाय १४१. पाच-पाच मीटर ऐकायला कमी वाटतात, पण क्षेत्रफळ सुमारे सात टक्क्यांनी वाढतं. घरी घट्ट गर्दी करून टॅकल करणारा संघ तिथे गेला की समोरच्याला मोकळे मार्क (किकवरचे थेट झेल) मिळत जातात. ब्रिस्बेनने २०२४ ला दुसऱ्या क्वार्टरमध्ये तेच केलं आणि मध्यंतरालाच सामना संपवला. ग्रँड फायनल अजून कित्येक वर्षं एमसीजीवरच होणार. तेव्हा एमसीजीवर मिळणारे मोजके साखळी सामने गुणांपुरते न पाहता, तिथे बचावाची रांग किती रुंद पसरायची याची तालीम म्हणून खेळावेत.

यंदापासून पहिले दहा संघ बाद फेरीत जातील. सातवा दहाव्याशी आणि आठवा नवव्याशी आधी खेळेल. म्हणजे गेल्या वर्षीसारखा दहावा क्रमांक आला तरी दार उघडं राहील. पण त्या वाटेने गेल्यास एक सामना जास्त आणि विश्रांती कमी, आणि कर्नोच्या गुडघ्यांना ते परवडणारं नाही. पहिले चार हेच लक्ष्य हवं. माझा अंदाज चौथ्या ते सहाव्या क्रमांकाचा आहे, गुल्डेन वीस सामने खेळला तर चौथ्याच्या बाजूला झुकणारा.

५ मार्चला पहिलाच सामना कार्लटनशी, सिडनीतच आहे. त्या रात्री सगळ्यांच्या नजरा कर्नोच्या गोलांवर असतील. वाचकांनी सोबत एक नोंद ठेवावी: स्वॉन्सचा चेंडू फॉरवर्ड पन्नासमध्ये, म्हणजे समोरच्या गोलपुढच्या कमानीत, किती वेळा गेला आणि त्यातून किती मार्क मिळाले. पन्नासेक वेळा आत जाऊन बारा-तेरा मार्क मिळत असतील तर पुरवठा नीट चालला आहे. सहा-सातच मिळत असतील, तर त्या दिवशी कर्नोने चार गोल केले असले तरी पुढच्या आठवड्यात जादा बचावपटू त्याच्यासमोर उभा असणार.

आपला,
एक वाचक, सिडनी